घास अडकतो, म्हणजे ऑपरेशन फसलं का?

"मॅडम, माझं ऑपरेशन बहुतेक फसलं." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या. जूनचा तिसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात पर्स, आणि पर्समध्ये घडी घालून ठेवलेली प्लास्टिकची पिशवी. ती उलटीसाठी. गेले पंधरा दिवस ती पिशवी घेतल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नव्हत्या.

वय ४३, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) शाळेत मुलं म्हणतात तसं आपणही त्यांना बाईच म्हणू. एप्रिलच्या मध्याला, परीक्षा आटोपल्या आटोपल्या, बाईंची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवली. वजन ११२ किलोंवरून ९६ वर आलं होतं. पहिले सहा आठवडे काही त्रास नव्हता. मग अचानक आठवड्यातून चार-पाच वेळा घास छातीत अडकायला लागला. तोंडाला पाणी सुटायचं आणि न्हाणीकडे धाव घ्यावी लागायची. या भीतीने त्या अनेकदा जेवणच टाकत होत्या. अशा दिवशी सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पातळ पेज, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट. "बिस्किट तेवढं सुखाने जातं," असं त्या म्हणाल्या.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्हा समुपदेशकांकडे येणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची काळजी हीच असते. बहुतेक वेळा ऑपरेशन फसलेलं नसतं. पण हे वाक्य तपासणीआधी बोलायचं नाही, हा आमचा नियम आहे. म्हणून पहिल्या दिवशी घासाविषयी एक अक्षरही न बोलता बाईंना त्यांच्या सर्जनकडे परत पाठवलं. उरलेली जठराची नळी कुठे आवळली गेली असेल, तर कितीही चावून खाल्लं तरी उपयोग नाही. अशा वेळी हळूहळू पाणीसुद्धा खाली उतरेनासं होतं. बाईंना पाणी, ताक, पेज व्यवस्थित जात होती आणि तपासणीत नळी मोकळी निघाली. तरीही डॉक्टरांनी लगेच बी-१ जीवनसत्त्व सुरू केलं, आणि ते फार महत्त्वाचं होतं. बी-१ चा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. सतत उलट्या आणि अपुरं खाणं चालू राहिलं की तो संपतो. मग पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. म्हणून उलट्यांनी गळून गेल्यावर जवळच्या दवाखान्यात जाऊन नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. शस्त्रक्रिया झाल्याचं आधी सांगा. बी-१ न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दिवसभर पाणीही ठरत नाही, ताप आहे, बसल्या जागी छाती धडधडते, पोटात किंवा डाव्या खांद्यात कळ येते, शौचाला काळं होतं, यातलं काहीही असेल तर समुपदेशकाकडे येऊच नये, थेट रुग्णालय गाठावं.

नळी मोकळी असल्याचा निरोप आला, मग वही काढली. सात दिवस पाच गोष्टी लिहायच्या: किती वाजता, काय खाल्लं, किती मिनिटांत, पाणी कधी प्यायलं आणि नंतर काय झालं. आठव्या दिवशी वहीने आपणहून उत्तर दिलं. सकाळच्या अंड्याने एकदाही त्रास दिला नव्हता. त्रास व्हायचा तो शाळेच्या मधल्या सुट्टीत आणि रात्री सगळ्यांबरोबर जेवताना. बाईंना वाटत होतं, शस्त्रक्रियेला दोन महिने होत आले म्हणून पोट बिघडत चाललंय. खरं तर जूनमध्ये शाळा उघडली होती. सुट्टीत त्या घरी, हातात चमचा घेऊन, निवांत अर्धा तास जेवत होत्या. शाळा सुरू झाली आणि पंधरा मिनिटांची मधली सुट्टी आली. डॉक्टरांनी साध्या जेवणाची परवानगी दिली तीही नेमकी त्याच आठवड्यात.

पुढच्या भेटीला त्यांना डबा घेऊन बोलावलं आणि आमच्यासमोर खायला सांगितलं. हे आम्ही मुद्दाम करतो, कारण "मी हळूच खाते" असं प्रत्येकजण म्हणतो आणि मनापासून म्हणतो. डब्यात अर्धी पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) आणि बटाट्याची सुकी भाजी. बाईंनी अंगठ्याएवढा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात टाकला. आठ वेळा चावला. गिळण्याआधीच दुसरा तुकडा हातात तयार. तीन मिनिटांत पाच घास. पाचव्या घासाला त्यांचं नाक वाहायला लागलं. रुमालाने नाक पुसून त्यांनी सहावा घास घेतला. सातव्याला उचकी लागली. उचकी थांबावी म्हणून बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि हात छातीवर गेला.

तिथेच थांबवलं. "बाई, नाक का पुसलंत?"

"भाजी तिखट असेल."

भाजी तिखट नव्हती. नाकातून पाणी येणं हाच त्यांच्या पोटाचा 'पुरे' होता. उचकी हा दुसरा आणि शेवटचा.

हे असं का होतं, हे कळलं की निम्मी भीती जाते. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढून टाकतात. काढतात तो नेमका फुग्यासारखा ताणला जाणारा भाग. भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरकही मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक लागत नाही. उरते केळ्यासारखी अरुंद नळी. तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावतं आणि ती फारशी ताणत नाही. पूर्वी पोट भरल्याचं कळायचं ते पोट फुगून, उशिरा. आता ते कळतं छातीच्या हाडामागे येणाऱ्या दाबातून, नाकातून, उचकीतून, एखाद्या खोल उसाशातून. खुणा बदलल्या आहेत आणि खाणारा जुन्याच खुणेची वाट बघत बसतो. घास अडकला की तो खाली घसरावा म्हणून शरीर लाळ आणि चिकट द्रव सोडतं. त्यामुळे बाहेर येतो तो पांढरा, तारेसारखा फेस असतो. आंबट, कडू असं काही नसतं. बाई त्याला उलटी म्हणत होत्या, पण ते अन्न पोटात नीट पोचलेलंच नसायचं. अशा वेळी वरून पाणी प्यायलं की फेस आणि दाब दोन्ही वाढतात. उठून उभं राहायचं, सावकाश येरझाऱ्या घालायच्या आणि पुढचे दोन तास घन काही खायचं नाही.

रात्रीच्या त्रासाचं कारण वेगळं होतं, आणि गोव्यातल्या घरांत ते वारंवार दिसतं. ते म्हणजे शीत-कढी. उकड्या तांदळाचं जाड शीत (भात), त्यावर हुमण (माशाची आमटी) किंवा सोलकढी. आपण ते चावत नाही. कढीबरोबर ते घशातून आपसूक उतरतं. आयुष्यभर असं जेवलेल्या माणसाला आपण चावत नाही हे माहीतही नसतं. शस्त्रक्रियेनंतर याच जेवणात दोन अडचणी एकत्र येतात: अख्खी शितं आणि घासाबरोबर पातळ. कढीने नळी भरते, शितं तिच्या तोंडाशी गोळा होऊन बसतात. पोईचं आणि मऊ पावाचं तसंच. लाळेत भिजून त्याचा पुन्हा कणकेचा गोळा होतो. पाव खायचाच असेल तर पातळ काप कडक भाजून घ्यावा, तो चावताना चुरा होतो.

बाईंसाठी केलेले बदल असे. मधल्या सुट्टीतून घन पदार्थच काढला. पंधरा मिनिटांत दोन महिन्यांचं पोट जेवू शकत नाही, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्या वेळी २०० मिलि दुधात एक माप प्रथिनांची पूड, घोट घोट. जेवण घरी आल्यावर, दीड वाजता. लहान मुलाचा चमचा, बशीत मोजून चार टेबलचमचे, घास हरभऱ्याएवढा, वीसेक वेळा चावून, आणि प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवायचा. चमचा हातात असला की तो आपोआप पुन्हा भरला जातो, म्हणून खाली ठेवण्यावर आम्ही अडून बसतो. वीस ते पंचवीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्यानंतर उरलं तरी बशी बाजूला. जेवणाच्या आधी पंधरा मिनिटं आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. एरवी दिवसभरात दीड ते दोन लिटर, पण घोटाघोटाने. नाक ओलं झालं की तो घास शेवटचा.

बशीत आधी मासा, अंडं किंवा डाळ, मग भाजी, आणि जागा उरली तर चमचाभर शीत. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं जायला हवीत. बाईंच्या वहीत हा आकडा २५ च्या आसपास भरत होता. बिस्किट सुखाने जातं ते तोंडात विरघळतं म्हणून. ते कुठेच थांबत नाही, पोट भरत नाही, आणि पुढे वजन पुन्हा चढायला लागलं की मूळ बऱ्याचदा अशाच चहातल्या बिस्किटांत किंवा फरसाणात सापडतं. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ताजं नुस्तं मिळेना म्हणून बाईंनी मासेच सोडले होते. सुकं सुंगट (कोळंबी) नको, मीठ फार. मग हिशोब मांडला: सकाळी एक अंडं ६ ग्रॅम, सुट्टीतलं दूध आणि पूड मिळून २५ च्या घरात, दुपारी घट्ट मुगाची डाळ आणि कुस्करलेलं पनीर मिळून १०, चार वाजता पुन्हा थोडं पनीर ५, रात्री कोंबडीचा मऊ खिमा रसासकट १२. जवळजवळ साठाला टेकलं. ऑगस्टात मासे आल्यावर मुड्डोशी किंवा बांगडा, हलक्या रसात शिजवून, काटे काढून, बोटांनी कुस्करून. रव्यात तळलेला इसवण (सुरमई) कोरडा होतो, तो अडकतो. माणकी (स्क्विड) रबरासारखी, ती सहा महिने तरी दूर ठेवलेली बरी.

तिसऱ्या भेटीला सासूबाईंना बोलावलं, कारण रात्रीचं ताट त्या वाढत होत्या. "इतकंसं खाऊन माणूस जगतो का हो? आमच्याकडे ताटात टाकायची पद्धत नाही," त्या कळवळून म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. सून डोळ्यांदेखत निम्मी होत होती. त्यांना पथ्याचा कागद दिला नाही, काम दिलं. बाईंची बशी त्याच वाढणार, चार चमचे मोजून, आणि मासा आला की काटे त्याच काढणार. आग्रह करायची सवय अशी एका दिवसात सुटत नाही, पण मोजायचा चमचा हातात आला की आग्रहाला काहीतरी धरायला मिळतं. "आणखी एक घास" ऐवजी "बाय, चमचा खाली ठेव" हे त्यांच्या तोंडी बसायला दहाएक दिवस लागले.

गोळ्यांचा घोळ मात्र पाच मिनिटांत सुटला. बाई कॅल्शियम आणि लोहाची गोळी सकाळी एकदमच, चहाबरोबर घेत होत्या. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही आणि चहासुद्धा. दोन गोळ्यांत दोन तासांचं अंतर, चहा लोहापासून तासभर लांब. कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत, विभागून. पावसात अंग दुखलं म्हणून दुकानातून वेदनाशामक आणून खायची नाही, जठराला व्रण पडू शकतो. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं माप वजनाबरोबर बदलतं, ते डॉक्टरांकडून. आणि आमच्याकडे येणाऱ्या पुरुषांना एक गोष्ट न चुकता सांगतो: पूर्वी दोन पेगांनी जे व्हायचं ते आता एकाच्या आत होतं. फेणी असो वा काही, पहिलं वर्ष नकोच, आणि त्यानंतरही पिऊन गाडीला हात लावायचा नाही.

जुलैच्या मध्यापर्यंत आठवड्याला पाच वेळा अडकणारा घास पंधरवड्यातून एकदा अडकायला लागला. तोही कधी, तर शाळेत तपासणी होती त्या दिवशी, घाईत. पिशवी पर्समध्येच होती. ती काढून टाका असं आम्ही सांगितलं नाही. ऑगस्टात एका भेटीला बाई ती घरी विसरून आल्या, आणि अर्धा तास बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. नेवऱ्या (करंज्या), मोदक, पातोळ्या, मणगणं (चण्याच्या डाळीची खीर). "काहीच खायचं नाही का?" गोड भरभर आतड्यात उतरलं की दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, कधी जुलाब होतात. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर हे जास्त, स्लीव्हनंतर कमी, पण होतं. मणगण्यासारखं पातळ गोड यात सगळ्यात वाईट. म्हणून ठरलं ते असं: आधी नेहमीचं जेवण, चण्याची उसळ नीट चावून. मग तासाभराने अर्धी नेवरी, बसून, दहा मिनिटं घेऊन. आरतीच्या धावपळीत उभ्याने तोंडात टाकलेली नको. बाईंनी पहिल्या दिवशी अर्धी नेवरी खाल्ली, दुसऱ्या दिवशी नको वाटली.

त्याच सुमाराला केस गळायला लागले आणि त्या पुन्हा घाबरून आल्या. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात असं होतं. वेगाने घटलेल्या वजनाचा तो धक्का असतो. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर बहुतेकांचे केस परत येतात. वही उघडून पाहिली, प्रथिनं ६२, ५८, ६५. ऑक्टोबरच्या मध्याला सहा महिने पूर्ण झाल्यावर रक्त तपासायचं आहे: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम. ती तारीख सासूबाईंनी कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.