लातूरला घरी खाऱ्या पाण्याचा टँक जमेल का?

तुम्ही विचारलंय की लातूरला राहता, घरी गोड्या पाण्याचा 2 फुटी टँक नीट चालू आहे, आता निमो (केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्री क्लाउनफिश) पाळायचाय आणि बोअरचं पाणी तसंही खारटच लागतं तर तेच टाकलं तर चालेल का. शेवटचं आधी सांगतो, नाही चालणार. आपल्याकडच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) हजार-दीड हजार आला की पाणी तोंडात धरवत नाही, पण समुद्राचा 35,000 च्या आसपास असतो, म्हणजे लिटरला 35 ग्रॅम क्षार, आणि त्यातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं. बोअरच्या पाण्याचं गणितच वेगळं, वरून शेतातल्या खताचं नायट्रेट उतरलेलं असलं तर शेवाळाची चंगळ. घरचं आयोडीनवालं मीठ तर नकोच. मरीन सॉल्ट म्हणून बादलीत मिळतं तेच घ्या.

मी परभणीचा, घरात 3 फुटी खारा टँक आहे, त्यावरून सांगतो की मीठ पैसे टाकले की कुरिअरनं येतं, आपल्याकडं खरी मेख आहे ती चांगल्या गोड्या पाण्याची. घरचा आरओ चालतो, फक्त चवीसाठी टीडीएसचा स्क्रू थोडा उघडा ठेवलेला असतो तो बंद करून घ्या आणि पुढं डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर जोडा, टीडीएस मीटरवर 0 दिसलं पाहिजे. आरओचं वाया जाणारं पाणी चांगल्या पाण्याच्या दोन-तीन पट असतं, आणि 2016 ला ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या माणसाला हे सांगायला जीवावर येतं, पण ते बादलीत धरा, फरशीला नाहीतर संडासात कामाला येतं.

टँक 3 फूट लांब, दीड रुंद, दीड उंच घ्या, काठोकाठ 190 लिटर बसतं. 2 फुटीत पण निमो राहतो, पण पाणी कमी असलं की सगळंच पटकन बिघडतं आणि नवीन माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. मीठ लिटरला साधारण 36-38 ग्रॅम, वेगळ्या ड्रममध्ये पंप लावून रात्रभर फिरवायचं, मासे असलेल्या टँकमध्ये थेट मीठ टाकायचं नाही. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंब टाकून डोळ्यानं बघायचं यंत्र) घ्या, घनता 1.025 आली की झालं. काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त असतो पण काट्याला बुडबुडा चिकटला की काहीही दाखवतो.

आता उन्हाळा. पाणी उडतं, मीठ उडत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. काचेवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावा आणि रोज तेवढं भरायचं, ते पण साधं आरओचं, खारं नाही. खाऱ्यानं भरत गेलात तर क्षार वाढत जातात आणि मासा का सुस्त झाला ते कळतच नाही. टेंपरेचर 25 ते 27 बरं. लोक आधीच चिलर (टँकचं पाणी गार करायचं मशीन) घ्या म्हणून घाबरवतात, पण आपली हवा कोरडी आहे राव, कूलर मुंबईत नुसता दमट वारा मारतो अन् आपल्याकडं खोली गार करतो, तसंच पाण्यावर छोटा पंखा मारला की दोन-तीन डिग्री सहज उतरतात. मग मे महिन्यात रोजचे दोन-तीन लिटर भरायची तयारी ठेवा. पत्र्याची खोली असेल तर मात्र चिलरशिवाय गत्यंतर नाही.

लाइट गेली तर काय, ते आधी ठरवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, खाऱ्यात अजून कमी, त्यामुळं वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप) इन्व्हर्टरवर घ्याच. फिल्टर, लाइट तासभर बंद राहिले तरी चालतंय. वायर बोर्डाच्या खालपर्यंत लोंबकळती ठेवून मग वर घ्या, म्हणजे पाणी ओघळून सॉकेटमध्ये जाणार नाही.

पाणी भरलं की लगेच मासे नाहीत. कोरडा रॉक आणि वाळू टाकून अमोनियाचा थोडा सोर्स द्यायचा, बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात, ते बसायला चार ते सहा आठवडे जातात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही 0 आले की पुढं. मधे काचेवर, वाळूवर तपकिरी थर चढतो, घरचे म्हणतील टँक सडला, तो डायटम म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ असतं, आपोआप जातो.

दुकानदार कोरल किंवा समुद्री घोडा दाखवेल, हात लावू नका. समुद्रात खडक बनवणारी कोरल (प्रवाळ) आणि समुद्री घोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहेत, वाघ ज्या यादीत आहे तीच. समुद्रातून तोडून आणलेला लाइव्ह रॉक (जिवंत जीव चिकटलेला दगड) पण नको, कोरडाच बरा.

निमोला अ‍ॅनिमोन (तो ज्यात राहतो तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) लागतोच असं काही नाही. हॅचरीत वाढलेली पिल्लं मागा, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं हे तंत्र आपल्याकडं कधीच बसवलंय. दोन लहान घ्या, सगळे आधी नरच असतात, त्यातला दांडगा होतो तो मादी बनतो, जोडी आपोआप जमते. निळी डोरी (ब्लू टँग मासा) मात्र 3 फुटीत नको, ती वाढते लई.

मासे मुंबईहून मागवले तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या बॉक्सात येतात. बारा तास बंद असलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत अमोनिया साचलेला असतो, उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवा, दुकानदाराला त्याचा रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा आधीच विचारून तुमचं पाणी तेवढंच करून ठेवा, मग जाळीनं मासा उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत.

सुरुवात दसरा-दिवाळीला करा, मे येईपर्यंत टँक बसलेला असेल. बोअर आणि आरओ दोन्हीचा टीडीएस मोजून इथं टाका, रेझिन किती लागेल ते सांगतो.