भूतानचा लाल भात घरी कसा शिजवावा आणि त्यासोबत काय करावे?

भूतानच्या पारो खोऱ्यात पिकणारा लाल तांदूळ बहुधा अर्धवट पॉलिश केलेला असतो. दाण्यावर थोडा लाल कोंडा राहत असला तरी तो साधारण २० ते २५ मिनिटांत शिजतो, त्यामुळे कोकणातल्या उकड्या तांदळासारखे भरपूर पाणी त्याला घालू नये. एक वाटी तांदूळ हलक्या हाताने धुऊन, जाड बुडाच्या पातेल्यात पावणेदोन वाट्या पाणी व चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी, मग आच अगदी मंद करून झाकण न उघडता २० मिनिटे शिजवावा आणि आच बंद करून ५ मिनिटे वाफेवर मुरू द्यावा. भात फिकट गुलाबी आणि किंचित चिकट होतो. कुकरमध्ये तो सहज गिचका होतो, म्हणून पातेलेच बरे.

सोबत एमा दात्शी ही मिरची-चीजची भूतानी भाजी हवीच. तिच्यात मिरची ही मसाला नसून भाजीच असते. उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या (तिखट सोसत नसल्यास भावनगरी), कांदा, टोमॅटो आणि लसूण थोड्या पाण्यात व लोण्यात मऊ शिजवून, शेवटी चीज घालून ते वितळेपर्यंतच मंद आचेवर ठेवावे.