भावंडांच्या बँडमधल्या थोरलीस

प्रिय मुली,

तुझं पत्र नीट वाचलं. निर्माता म्हणतोय की रेकॉर्डिंगला ड्रमवर भावाऐवजी बाहेरचा वादक घ्या, आणि हे भावाला सांगायचं कसं, असं तू विचारतेस. पण त्याच्या आधीचा प्रश्न तू विचारलाच नाहीस: त्याला या बँडमध्ये राहायचंय का? तो कसा वाजवतो ते पत्रभर आहे, त्याला काय हवंय ते कुठेच नाही. भावंडांच्या बँडमध्ये हे हमखास होतं. परक्या वादकाला आपण पहिल्याच दिवशी जे विचारलं असतं, ते सख्ख्या भावाला वर्षानुवर्षं विचारत नाही.

तुमच्याकडे जे आहे ते थोडंथोडकं नाही. तू आणि धाकटी एकत्र गाता तेव्हा दोन आवाज कुठे जुळले ते कळतच नाही. गळ्याची ठेवण सारखी, आणि स्वर उच्चारायची लकब एकाच घरात घडलेली. हे तालमीने पूर्ण साधत नाही. म्हणूनच ते जपायला हवं, आणि जपायचं म्हणजे एकमेकांना बांधून ठेवायचं नव्हे.

टेक्ससमधल्या टायलर गावचा 'आइझ्ली' बँड ऐकला नसशील तर ऐक. शेरी, शॉन्टेल आणि स्टेसी या ड्यूप्री बहिणी, ड्रमवर भाऊ वेस्टन, आणि पुढे बास गिटारवर चुलतभाऊ गॅरन. आईवडिलांच्या कॉफीहाउसमध्ये वाजवायला लागलेली ही पोरं 2003 मध्ये 'कोल्डप्ले' या प्रसिद्ध ब्रिटिश बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवत होती. मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडून 2005 मध्ये पहिला अल्बम आला, 2007 मध्ये दुसरा. तिसऱ्यासाठी 2011 उजाडलं, आणि तो आला ती मोठी कंपनी सोडून एका स्वतंत्र कंपनीकडून. इतका काळ टिकून राहणं ही मला त्यांची सर्वांत मोठी कमाई वाटते. स्टेसीने 2012 मध्ये 'सुक्रे' या नावाने स्वतःचा वेगळा अल्बम काढला. कंपनीशी पहिला करार झाला तेव्हा ती शाळकरी वयाची होती. अशा मुलीला मोठं झाल्यावर स्वतःचा सूर शोधावासा वाटला तर त्यात गैर काय? पुढे बहिणी आणि भाऊ एकेक करून बाजूला झाले, आणि 2017 चा अल्बम शेरीने गॅरनला सोबत घेऊन पूर्ण केला. बँडचं नाव चालू राहिलं.

तुझी धाकटी हल्ली एकटी गाणी लिहिते आणि तुला ऐकवत नाही, याचं तुला वाईट वाटतंय. वाटू दे, पण तिला अडवू नकोस. तिची गाणी आपोआप बँडची होत नाहीत.

आता पैशांचं. हे मी जरा ताणून सांगणार आहे, कारण घरात हा विषय कोणी काढत नाही. गाण्याला दोन वेगळे हक्क असतात: एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. गीत आणि चाल तुझी म्हणून नोंदली गेली, तर रचनेची रॉयल्टी तुलाच मिळेल. भावाने त्या गाण्याला कितीही सुंदर ठेका दिला असला तरी त्यातलं त्याला काही मिळणार नाही. गाणं लोकांना आवडलं, तर पाच वर्षांनी एकाच घरातल्या तिघांच्या मिळकतीत मोठी दरी पडलेली असेल. 'आर.ई.एम.' या अमेरिकन रॉक बँडने चौघांच्या नावावर गाणी समान वाटली. 'स्पॅन्डाऊ बॅले' या ब्रिटिश बँडमध्ये गाणी गॅरी केम्प लिहायचा. बँडमधल्या तिघांनी रॉयल्टीत वाटा तोंडी ठरला होता म्हणत त्याला कोर्टात खेचलं आणि 1999 मध्ये ते हरले. गॅरीचा भाऊ मार्टिनही त्याच बँडमध्ये होता, पण दावा करणाऱ्यांत नव्हता. समान वाटा द्यायचा की कामाप्रमाणे, हे तुम्ही तिघं ठरवा. मला समान वाटा बरा वाटतो, कारण मग कोणाची ओळ गाण्यात राहावी यावरून भांडणं होत नाहीत.

निर्मात्याच्या म्हणण्याकडे परत येते. अमेरिकन गायिका किम डीलने जुळी बहीण केली हिला आपल्या 'ब्रीडर्स' या रॉक बँडमध्ये गिटारवर घेतलं तेव्हा केलीला गिटार जेमतेमच येत होती. 1993 साली त्यांचा 'लास्ट स्प्लॅश' हा अल्बम आला, आणि त्याच्या आवाजात त्या दोघी बहिणी स्पष्ट ऐकू येतात. तुझा भाऊ लयीत किंचित मागे राहतो, खरं आहे. पण तुमची संथ गाणी त्या मागे राहण्यावरच उभी आहेत, हे निर्मात्याला अजून उमगलेलं दिसत नाही. जलद दोन गाण्यांना बाहेरचा वादक घ्यायला माझी हरकत नाही, मात्र भावाने स्वतः होकार दिला तरच. आणि हे त्याला निर्मात्याच्या तोंडून कळता कामा नये. तू सांग, धाकटी समोर असताना सांग, आणि त्याने 'मला बँडच नको' म्हटलं तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेव.

स्टुडिओची तारीख पक्की करण्याआधी एका कागदावर तिघांच्या सह्यांनी एवढं लिहा: प्रत्येक गाण्यात कोणाचा किती वाटा, कोणी सोडून गेलं तर जुन्या गाण्यांचं काय, आणि बँडचं नाव कोणाकडे राहणार. आईवडिलांना साक्षीदार करू नका, बाहेरचं कोणीतरी घ्या. मसुदा झाला की मला पाठव, मी वकिलाकडून तपासून घेते.

तुझी,
ताई