ऊर्जा एकाच दिशेने वाहते आणि कार्बन मात्र फिरत राहतो, असं का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. मुलीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऊर्जेचे बाण एकाच दिशेला जातात आणि कार्बनचं मात्र गोल चक्र काढलंय. दोन्ही अन्नातूनच पुढे सरकतात, मग कार्बन परत येतो आणि ऊर्जा का येत नाही, हा पहिला. झाड लावलं की कार्बन कायमचा अडकतो का, हा दुसरा. मी मुलुंडला राहते, अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात कुणी हा पहिला प्रश्न विचारला की मला फार बरं वाटतं, कारण बहुतेक मुलं दोन्ही आकृत्या वेगवेगळ्या पाठ करतात आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध, हे राहूनच जातं.

कार्बन आणि ऊर्जा पानात एकत्र येतात, साखरेच्या एकाच रेणूतून पुढे जातात, आणि ती साखर कुणी वापरली की तिथे दोघांची ताटातूट होते. सगळं उत्तर या ताटातुटीत आहे.

पानात कार्बन हवेतून येतो आणि ऊर्जा उन्हातून. झाड मातीतून वाढतं अशी आपली समजूत असते. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेलमाँट या शास्त्रज्ञाने कुंडीत मोजून माती भरली, त्यात विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६४ पौंडांनी वाढलं, माती घटली जेमतेम दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला की लाकूड पाण्यापासून बनतं. प्रयोग फार सुंदर होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब लागायला मात्र पुढे दीडशे वर्षं जावी लागली. खोडाच्या कोरड्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो.

आता ही साखर गव्हाच्या दाण्यात साठली, त्याची पोळी झाली आणि ती खाऊन कुणीतरी विरारहून चर्चगेटला निघालं. शरीरातल्या पेशींमध्ये साखरेतल्या कार्बनचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होतो (यालाच श्वसन म्हणतात) आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. मोठा माणूस दिवसभरात साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. ऊर्जेचं काय? हृदय, मेंदू, स्नायू तिच्यावर चालतात, आणि काम झालं की ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन अंगातून निघून जाते. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणारा माणूस सरासरी १०० वॉटच्या आसपास उष्णता टाकत असतो. गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात ३०० माणसं असली तर ३० किलोवॉट झाले. मे महिन्यात पंखे चालू असूनही डब्यात जो उकाडा होतो, त्यात हा वाटा आहेच. ही उष्णता म्हणजे काही महिन्यांपूर्वी मध्य प्रदेशात किंवा पंजाबात गव्हाच्या शेतावर पडलेलं ऊन.

उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ओव्हल मैदानावरच्या गवताला चालतो, बोरिवलीच्या जंगलातल्या सागालाही चालतो. तो रेणू याआधी किती जणांच्या शरीरातून फिरून आलाय याने पानाला काही फरक पडत नाही. उष्णतेला मात्र ही सोय नाही. पानातल्या हिरव्या रंगद्रव्याला, क्लोरोफिलला, दृश्य प्रकाश लागतो, साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. आपल्या अंगातून निघणारी अवरक्त किरणं १०,००० नॅनोमीटरच्या आसपासची असतात. त्यांच्या एकेका कणात इतकी कमी ऊर्जा असते की क्लोरोफिल त्याने जागं होत नाही. म्हणजे ऊर्जा नष्ट झालेली नसते, पण ती अशा रूपात पसरलेली असते की कुठल्याच पानाला तिचा उपयोग नाही. शेवटी ती अवकाशात निघून जाते. म्हणून परिसंस्थेला रोज नवं ऊन लागतं, नवा कार्बन मात्र लागत नाही.

हे हाताने अनुभवायचं असेल तर ओल्या कचऱ्याच्या खताचं पिंप बघा. आमच्या सोसायटीत भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा आणि वाळका पाला असं थर देऊन घालतात. दोन-तीन दिवसांनी काठीने मधला भाग उकरला की वाफ येते. तापमापी खुपसली तर काटा ५५-६० अंशांवर जातो, आणि तेही बाहेरून काहीही न तापवता. जीवाणू आणि बुरशी त्या सालींमधली साखर वापरतात आणि ऊर्जा उष्णता होऊन निघते, ती हाताला लागते. कार्बन दिसत नाही, पण ढीग खाली बसत जातो. आमच्याकडे सफाईला येणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं होतं, “ताई, रोज एवढा कचरा घालतो, मग पिंप भरत कसं नाही?” माझ्या मते हा कार्बनचक्राचा सगळ्यात नेमका प्रश्न आहे. बराचसा कचरा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन हवेत गेलेला असतो. खाली उरतं ते त्यातलं थोडं, चिवट.

पुस्तकात ‘प्रत्येक पोषण पातळीवर १० टक्केच ऊर्जा पुढे जाते’ असं एक वाक्य असतं. पोषण पातळी म्हणजे अन्नसाखळीतला एक टप्पा. आकडा ढोबळ आहे, प्रत्यक्षात कमी-जास्त होतो. तळ्यातल्या जीवांकडे असं ऊर्जेच्या हिशेबाने बघायला शिकवलं ते रेमंड लिंडेमनने, मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याचा अभ्यास करून. त्याचा तो लेख १९४२ मध्ये छापून आला, त्याआधी काही महिनेच तो वारला होता, सत्तावीसही पूर्ण नव्हते.

मुंबईत त्या १० टक्क्यांच्या वाक्याचा अर्थ फार ठळक दिसतो. हिवाळ्यात ठाणे खाडीत रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. त्यातला छोटा रोहित चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि मुख्यतः सूक्ष्म शैवाल खातो. ऊन, शैवाल, रोहित. मध्ये कुणी दलाल नाही, म्हणून एवढे थवे पोसले जातात. खाडीतलाच जिताडा मासा घ्या. कांदळवनाचं पान कुजतं, त्या कुजक्यावर आणि शैवालावर बोय मासे नि कोळंबी जगतात, त्यांना जिताडा खातो. दर टप्प्यावर उष्णतेची गळती. म्हणून कोळणीच्या पाटीत बोय पुष्कळ असते आणि जिताडा मोजका, महाग.

बिबट्याचं उदाहरण मला त्याहून विचार करायला लावतं. बोरिवलीचं जंगल, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, साधारण १०४ चौरस किलोमीटरचं, आणि तिथे पन्नासच्या आसपास बिबटे. एवढ्याशा जंगलातल्या हरणांवरच इतके शिकारी जगणं कठीण. ते जंगलाच्या कडेची कुत्रीही खातात, आणि ती कुत्री आपण टाकलेल्या खरकट्यावर वाढतात. म्हणजे बोरिवलीच्या बिबट्याच्या अंगातली काही ऊर्जा ही दूरच्या शेतांवर पडलेलं ऊन आहे, आणि त्याच्या हाडामांसातला काही कार्बन तिथल्या हवेतला. शहराच्या परिसंस्थेची हद्द नकाशावरच्या रेषेला थांबत नाही, हे यातून मुलांना पटकन कळतं.

आता झाडांचा प्रश्न. कायमचा नाही अडकत. प्रश्न किती कार्बन अडकला इतकाच नसतो, किती काळ अडकला हाही असतो. बोरिवलीच्या जंगलात उन्हाळ्यात पडलेलं पान पावसाळ्यात वाळवी आणि बुरशीच्या हाती लागतं, आणि त्यातला बराचसा कार्बन वर्ष-दोन वर्षांत हवेत परततो. लाकडात तो काही दशकं राहतो. वादळात पडलेला गुलमोहर चिरून जाळला तर सगळा एका दिवसात.

खाजणातल्या, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या खाडीकाठच्या, चिखलात मात्र शतकानुशतकं राहू शकतो. ओहोटीला ऐरोलीच्या बाजूने कांदळवनाजवळ गेलात तर वरचा तपकिरी पातळ थर बोटाने सरकवून बघा. खाली चिखल काळा असतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. वर भरतीच्या पाण्यातून थोडा ऑक्सिजन मिळतो, खाली मिळत नाही. तिथले जीवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, त्याचा तो वास, आणि लोहाशी जुळून तो काळा रंग. अशा श्वसनातून ऊर्जा कमी मिळते, काम मंद चालतं, आणि वरून गाळाचे थर चढतच राहतात. तिवराची (हे कांदळवनातलंच झाड) मुळं आणि पानं तिथे पूर्ण कुजतच नाहीत. हाच चिखल खणून हवेवर टाकला की तो साठा पुन्हा ऑक्सिजनच्या तावडीत सापडतो. कांदळवन तोडलं आणि दुसरीकडे तितकीच रोपं लावली तर हिशेब फिटला, असं जे म्हटलं जातं ते मला म्हणूनच अजिबात पटत नाही. रोपं लावता येतात, खालचा चिखल लावता येत नाही.

ऑक्सिजन नसणं प्रत्येक ठिकाणी भल्याचंच असतं असंही नाही. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरात जळगावच्या केळ्याचं साल थरांखाली दबलं, की तिथे ऑक्सिजनही नाही आणि खाडीसारखं भरपूर सल्फेटही नाही. मग मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव पुढे सरसावतात. १०० वर्षांच्या हिशेबाने मिथेनची तापवण्याची ताकद, वजनाला वजन धरलं तर, कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटींच्या आसपास आहे. तेच साल सोसायटीच्या पिंपात हवा खेळती ठेवून कुजलं असतं तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच निघाला असता, जो मुळात केळीच्या पानाने हवेतूनच घेतलेला होता.

आणि १९७४ मध्ये सापडलेलं मुंबई हायचं तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी असाच न कुजता गाळाखाली गाडला गेलेला कार्बन, त्याच्यासोबत त्या काळचं ऊनही. ते जाळलं की दोन्ही एकदम मोकळं होतं. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाईत मोजणी सुरू केली तेव्हा हवेत दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. आता ४२० च्या वर आहेत. वर मी म्हटलं की उष्णता शेवटी अवकाशात जाते. तिला वाटेत अडवून काही भाग खाली परत पाठवणाऱ्या वायूंपैकी एक हाच. श्वसनात वेगळे झालेले दोघे इथे पुन्हा भेटतात, आणि हवामानबदल समजून घ्यायचा तर दोन्ही आकृत्या एकत्र बघाव्या लागतात त्या यासाठी.

तर मुलीला सांगा, दोन्ही आकृत्या एकाच कागदावर दोन रंगांत काढ. पानापासून पुढे दोन्ही रेषा जोडीने जाऊ देत. प्रत्येक जीवापाशी ‘श्वसन’ लिहून तिथे त्या वेगळ्या कर: कार्बनची रेषा हवेकडे वळवून पुन्हा पानाला जोड, ऊर्जेची कागदाच्या कडेपर्यंत ने. विघटकांकडे (कुजवणारे जीवाणू, बुरशी) जाणारे बाण प्रत्येक पातळीवरून काढायचे, फक्त शेवटच्या भक्षकाकडून नाही. नेमके तेच मुलं विसरतात आणि गुण जातात.