ही क्रीम तुम्हाला दिली कुणी?

वाचकांच्या पत्रांत तेच प्रश्न पुन्हा आलेत, म्हणून उत्तरंही पुन्हा. नावं गाळली आहेत.

प्रश्न : वय १७. पिंपल्सवर रात्री टूथपेस्ट लावली तर चालते का? (खानापूर)

उत्तर : नाही. कातडी भाजते आणि डाग राहतो.

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा, बुटका म्हणून मित्र चिडवतात. उंची वाढवायची पावडर द्यावी का? (चिकोडी)

उत्तर : या वयात हाडांची वाढ संपलेली असते. पैसे ठेवा.

प्रश्न : मुलगी सावळी आहे, स्थळं बघतोय. शेजारणीने सांगितलेली क्रीम मेडिकलमधून आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. आता एक दिवस नाही लावली तर आग होते, चेहरा लालबुंद होतो. गालांवर लवही वाढलीय. दुसरी कुठली क्रीम लावावी? (निपाणी)

उत्तर : दुसरी कुठलीही नको. आहे ती ट्यूब घेऊन मुलीसह त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, याच आठवड्यात. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही असेल तर ते स्टेरॉईड आहे. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा फिका पडतो, त्यालाच तुम्ही उजळणं म्हणताय. पुढे कातडी पातळ होते, पुरळ उठतं, केस येतात. क्रीम थांबवली की भडका उडतो, आणि तो शमवायला माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. दुकानदाराचं गिऱ्हाईक कायमचं झालं! हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मिसळलेली ट्यूब तर वांगाच्या डागांसाठी असते, तीही थोडे आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली. २०१८ पासून अशा स्टेरॉईड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. तरी काउंटरवरून 'घ्या की मावशी, सगळे नेतात' म्हणून सर्रास देतात. कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलात तरी तेच. एवढ्या बाबतीत तरी सीमावाद नाही. क्रीम कशी सोडवायची ते डॉक्टर ठरवतील, शेजारीण नाही.

फेअर अँड लव्हलीने २०२० मध्ये नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. आपल्या बायोडाट्यांत मात्र 'गोरी' अजून तशीच आहे. आणि एक विचारतो : एवढ्या लांब पत्रात मुलीला स्वतःला काय वाटतं, याची एक ओळ नाही. तिने क्रीम मागितली होती का?

प्रश्न : जिममधले सर इंजेक्शन देतात. दंड भरलेत, पण पाठभर फोड आलेत. (टिळकवाडी)

उत्तर : फोड ही त्यातली सगळ्यांत किरकोळ गोष्ट. ही बहुधा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या जातीची औषधं. बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, हृदयावर ताण येतो. पुढचं इंजेक्शन घेण्याआधी फिजिशियनला भेटा आणि काही लपवू नका. सर डॉक्टर नाहीत.

प्रश्न : वय १९. नाकाजवळचा खड्डा घरच्यांना दिसत नाही, मला दिसतो. सारखी आरसा बघते. दोन महिने कॉलेजला गेले नाही. (शहापूर)

उत्तर : तुझा त्रास खरा आहे, पण तो कातडीचा नसावा. मनोविकारतज्ज्ञाला भेट, याला नाव आहे आणि उपचारही आहेत. बेळगावात बिम्स या सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. लेझरवाल्याकडे मात्र आधी जाऊ नकोस. तो नको म्हणणार नाही.