ऑर्केस्ट्राविषयी इंग्रजीत लिहिताना

अंबाजोगाई

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा इंग्रजी लेख लक्षपूर्वक वाचला. मराठवाड्यातले ऑर्केस्ट्रा स्वतःच्या बळावर तग धरतील का, हा प्रश्न तू घेतलास याचा मला फार आनंद आहे. परंतु ‘व्हायेबल’, ‘सस्टेनेबल’ आणि ‘सॉल्व्हंट’ हे शब्द तू एकमेकांच्या जागी वापरल्यामुळे तुझे म्हणणे नेमके काय आहे, ते कळत नाही.

‘व्हायेबल’ हा शब्द पूर्वी जगू शकेल अशा नवजात अर्भकाविषयी वापरला जाई; म्हणून नवा संच मुळात उभा राहू शकेल का, हे सांगायचे असेल तेथे तो शोभतो. ‘सस्टेनेबल’मध्ये वर्षानुवर्षे टिकण्याचा दावा असतो. ‘सॉल्व्हंट’ एवढेच सांगतो की देणी भागवण्याची ऐपत आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले, तरी त्याच्या मैफली चालू राहिल्या आणि २०१२ मध्ये तो त्यातून बाहेरही पडला. म्हणजे पैशाची कोंडी झाली म्हणून संस्था जगण्यास असमर्थ ठरत नाही.

‘सेल्फ-सपोर्टिंग’ची, म्हणजे केवळ स्वतःच्या कमाईवर चालण्याची, कसोटी सर्वांत कठीण आहे. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवले की वादकांचे वेतन इतर क्षेत्रांबरोबर वाढत जाते, पण तीच रचना वाजवायला माणसे आणि वेळ पूर्वीइतकाच लागतो. त्यामुळे पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्रा देणग्या किंवा सरकारी अनुदानाविना क्वचितच चालतात.

आपला ऑर्केस्ट्रा म्हणजे गायक, निवेदक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. तो गणेशोत्सव, जत्रा आणि लग्नसराईतल्या सुपाऱ्यांवर चालतो. परक्या वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र व्हायोलिनवादकांच्या रांगा येतील, म्हणून हा फरक पहिल्याच परिच्छेदात सांग. अनुदानाशिवाय चालणाऱ्या या संचांना ‘सेल्फ-सपोर्टिंग’ म्हणण्याचा अधिकार कदाचित सिंफनीपेक्षा अधिक आहे, आणि तू तो शब्द एकदाही वापरला नाहीस, याचे मला वाईट वाटले.

व्याकरणाचीही एक गोष्ट. ‘द ऑर्केस्ट्रा कॅन सस्टेन’ असे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहितात, पण त्या क्रियापदाला कर्म लागते. ‘सस्टेन इटसेल्फ’ लिही, नाहीतर सरळ ‘सर्व्हाइव्ह’ वापर.

पुढचा मसुदा लिहिण्यापूर्वी एखाद्या संचालकाकडे बसून वर्षभराचा जमाखर्च पाहा. पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांत वादकांना काय मिळते, हेही विचार, आणि मगच शब्द निवड.

कळावे,
तुझे सर