फुटबॉलमधील आक्रमण आणि बचाव आकड्यांनी जोखताना आधी छेद पाहावा

आपण विचारले आहे की संघाचे आक्रमण आणि बचाव डेटा अ‍ॅनालिटिक्सच्या साहाय्याने कसे जोखावे, आणि आपल्याजवळच्या तक्त्यात चेंडूचा ताबा, फटके, टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावणे) आणि क्लिअरन्स (धोक्याच्या जागेतून चेंडू दूर धाडणे) एवढेच रकाने असताना त्यांतून काही हाती लागेल का. थोडेफार लागेल, पण त्या रकान्यांची नुसती बेरीज करून क्रमवारी लावली, तर जे हाती लागेल ते बहुधा चुकीचे असेल. मी व्यवसायाने विमा क्षेत्रात आकडेवारीचे काम करतो आणि फुटबॉलची आकडेमोड हा माझा रविवारचा उद्योग आहे. ही चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे आधी तीच सांगतो.

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात आमच्या पेठेतील एका संघाच्या सहा सामन्यांची चित्रणे पाहून मी बचावपटूंच्या नोंदी केल्या. प्रत्येक टॅकलला, मध्येच अडवलेल्या प्रत्येक पासला आणि प्रत्येक क्लिअरन्सला एकेक गुण दिला. यादीच्या तळाशी आला तो संघाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, ज्याला प्रशिक्षक एकाही सामन्यात बाहेर बसवत नसत. त्यांनी यादी पाहिली, काही बोलले नाहीत, आणि मोबाइलवर एक चित्रण लावून माझ्यापुढे धरले. प्रतिस्पर्धी मध्यरक्षकाने मान वर करून मधून धावत निघालेल्या आपल्या आघाडीवीराकडे पाहिले. तेवढ्यात आमचा स्टॉपर दोन पावले डावीकडे सरकला, ती वाट बुजली, आणि मध्यरक्षकाने चेंडू मुकाट्याने मागे दिला. माझ्या वहीत त्या क्षणापुढे काहीच लिहिलेले नव्हते, कारण नोंदण्याजोगे काही घडलेच नव्हते.

आक्रमण आणि बचाव यांच्या मोजणीतला मूळ फरक हाच आहे. आक्रमण घडलेल्या गोष्टींतून दिसते, तर चांगला बचाव बहुतेक वेळा न घडलेल्या गोष्टींतून. म्हणून कोणताही आकडा समोर आला की तो शाळेतल्या अपूर्णांकासारखा पाहावा: जे मोजले तो अंश, आणि ते घडण्याची संधी किती वेळा आली तो छेद. फुटबॉलच्या आकडेवारीतील बहुतेक घोटाळे छेद न विचारल्याने झालेले आहेत, आणि पहिला मोठा घोटाळा तर या विषयाच्या जन्मकाळातलाच आहे.

इंग्लंडमधील चार्ल्स रीप या हवाई दलातील हिशेबनीसाने मार्च 1950 मध्ये स्विंडन टाउनच्या एका सामन्यात कागद-पेन्सिल घेऊन चाली नोंदवायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षे ते काम चालू ठेवले. 1968 साली त्यांनी बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातून असे दिसत होते की सुमारे 80 टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. त्यावरून लांब फटक्याने चेंडू पुढे धाडण्याच्या खेळाला जणू शास्त्राचा आधारच मिळाला. मात्र त्यांच्याच नोंदींनुसार मुळात 90 टक्क्यांहून अधिक चाली तीन पासांच्या आत संपत होत्या. आता छेद घालून पाहा. नव्वद टक्के चालींतून 80 टक्के गोल येत असतील आणि उरलेल्या दहा टक्के लांबलेल्या चालींतून 20 टक्के, तर दर चालीमागे लांब चाल दुपटीहून अधिक फलदायी ठरते. नोंदी अगदी प्रामाणिक होत्या, निष्कर्ष मात्र नेमका उलटा निघाला.

आक्रमणाकडे वळू. फटक्यांची संख्या मोजणे पुरेसे नाही, कारण सगळे फटके सारखे नसतात. त्या अडचणीवरचा आज रूढ झालेला उपाय म्हणजे अपेक्षित गोल, ज्याला सगळे एक्सजी म्हणतात. पूर्वीच्या हजारो फटक्यांचा अभ्यास करून असा फटका सरासरी किती वेळा गोलमध्ये जातो याचा अंदाज प्रत्येक फटक्याला शून्य ते एक यांच्या दरम्यान दिला जातो. अंतर, कोन, फटका पायाने मारला की डोक्याने, पास कसा आला, आणि उपलब्ध असेल तर गोलरक्षक व बचावपटू कुठे उभे होते, या गोष्टी त्यात धरतात. अंतर आणि कोन यांचे महत्त्व साध्या भूमितीनेही कळते. पेनल्टीच्या ठिपक्यावरून पाहिले तर गोलचे दोन खांब सुमारे 37 अंशांचा कोन करतात, आणि बरोबर समोरच पण 25 यार्डांवर उभे राहिलो तर तोच कोन जेमतेम 18 अंशांचा उरतो. शिवाय मध्ये माणसे येतात ती वेगळीच. पेनल्टीची किंमत साधारण पाऊण गोलाहून थोडी अधिक धरली जाते, एखाद्या सर्वसाधारण फटक्याची एकदशांशाच्या आसपास, आणि पेनल्टी क्षेत्राबाहेरच्या फटक्याची गोलाच्या काही टक्के एवढीच.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा, जो बेरजेत हरवतो. दहा फटके प्रत्येकी 0.1 चे आणि दोन फटके प्रत्येकी 0.5 चे, दोन्हींची बेरीज एकच येते. परंतु पहिल्या संघाची एकही गोल न होण्याची शक्यता सुमारे 35 टक्के आहे आणि दुसऱ्याची 25 टक्के. म्हणून सामन्याचा एक्सजी पाहताना बेरजेबरोबर फटक्यांची वाटणीही पाहावी, आणि पेनल्टीचा हिशेब नेहमी वेगळा ठेवावा, कारण पेनल्टी मिळाली म्हणजे चाली रचण्याचे कौशल्य वाढले असे होत नाही.

एका सामन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे सर्वच जण सांगतात. ते का, हे मला 20 मार्च 2022 रोजी गोव्यातील फातोर्ड्यात झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात सर्वांत स्पष्ट दिसते. केरला ब्लास्टर्सच्या राहुल के. पी. याने 68व्या मिनिटाला दुरून फटका मारला आणि तो हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याच्या हातांना लागूनही आत गेला. 88व्या मिनिटाला हैदराबादच्या, मूळ गोव्याच्याच साहिल ताव्होराने पेनल्टी क्षेत्राबाहेरून चेंडू जमिनीवर पडू न देता जोरदार फटका हाणून बरोबरी साधली. दोन्ही गोल अशा जागांवरून आले की जेथून मारलेले बहुसंख्य फटके वाया जातात. त्यानंतर शूटआउटमध्ये त्याच कट्टीमनीने तीन पेनल्ट्या अडवल्या आणि हैदराबाद 3-1 ने विजेता ठरला. 90 मिनिटांच्या आधारे त्या गोलरक्षकाला एक दर्जा द्यावा लागला असता आणि शूटआउटच्या आधारे अगदी दुसरा. खरे तर दोन्ही नमुने काही ठरवण्याइतके मोठे नव्हते.

हंगामभराचे आकडे मात्र बरेच काही सांगतात. प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांचा बोरुसिया डॉर्टमुंड 2014-15 च्या हंगामात एका टप्प्यावर बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीतील अव्वल साखळीच्या, तळाला गेला होता आणि अखेरीस सातवा आला. इंग्लंडमधील लिव्हरपूल क्लबच्या संशोधन विभागाचे तेव्हाचे प्रमुख इयन ग्रॅहम यांच्या गणिती प्रतिमानानुसार त्या संघाचा खेळ त्याच्या निकालांपेक्षा कितीतरी सरस होता. ऑक्टोबर 2015 मध्ये लिव्हरपूलने क्लॉप यांना नेमले; 2019 साली चॅम्पियन्स लीग आणि 2020 साली प्रीमियर लीग त्यांनी जिंकली. निवड केवळ आकड्यांवर झाली असे नव्हे, पण गुणतक्त्याने दाखवलेले अपयश किती खरे होते हे तपासायला आकडे कामी आले.

एक्सजीची मोठी मर्यादा अशी की फटका मारला गेला नाही तर त्याच्या लेखी काहीच घडत नाही. सुंदर चालीचा शेवटचा पास बोटभर लांब गेला की सगळी चाल शून्य. ती उणीव भरून काढण्यासाठी अपेक्षित धोका ही कल्पना पुढे आली, जी करुण सिंग यांनी 2019 च्या सुमारास मांडल्यापासून फार लोकप्रिय झाली. मैदानाचे 16 गुणिले 12 असे 192 चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात चेंडू असताना पुढच्या काही हालचालींत गोल होण्याची शक्यता काढायची, आणि पासने किंवा ड्रिबलने चेंडू एका चौकोनातून दुसऱ्यात नेला की दोन्हींतील फरक त्या खेळाडूच्या खात्यात जमा करायचा. त्यामुळे गोलही न करणारा आणि शेवटचा पासही न देणारा मध्यरक्षक एकदम दिसू लागतो. अर्थात चौकोनाला समोर बचावपटू किती आहेत ते कळत नाही, म्हणून मोकळ्या जागेतला पास आणि गर्दीतला पास तेथे एकाच भावाने विकला जातो.

आता बचाव, जेथे खरी कसोटी आहे. सुरुवात प्रतिस्पर्ध्याला मिळू दिलेल्या एक्सजीपासून करावी. तो संघाच्या बचावाचा सर्वांत विश्वासार्ह आकडा आहे, पण तो सामन्याच्या स्थितीनुसार फोडून पाहावा. आघाडीवर असलेला संघ जाणूनबुजून मागे सरकतो आणि दुरून फटके मारू देतो, त्यामुळे सतत जिंकणारा संघ निव्वळ फटक्यांच्या संख्येत दुबळा दिसू शकतो.

खेळाडूंच्या टॅकलचा रकाना वापरायचाच असेल, तर त्याला चेंडू समोरच्याकडे असलेल्या वेळेचा छेद द्यावा. समजा चेंडू प्रत्यक्ष खेळात 55 मिनिटे होता. 65 टक्के ताबा असलेल्या संघाच्या बचावपटूला बचाव करायला 19 मिनिटे मिळाली आणि त्याने चार वेळा चेंडू हिसकावला. 35 टक्के ताबा असलेल्या संघाच्या बचावपटूला 36 मिनिटे मिळाली आणि त्याने सहा वेळा हिसकावला. नुसत्या मोजणीत दुसरा पुढे आहे, मिनिटामागे पाहिले तर पहिला. तरीही ही दुरुस्ती माझ्या त्या स्टॉपरला न्याय देत नाही, कारण त्याच्या कामाला अंशच नव्हता. त्यासाठी निदान एवढे करता येते की तो मैदानात असताना आणि नसताना प्रतिस्पर्ध्यांनी मधल्या पट्ट्यातून पेनल्टी क्षेत्रात किती वेळा चेंडू नेला याची तुलना करावी. ही तुलना ढोबळ आहे आणि तिला सामने पुष्कळ लागतात, पण तिचा प्रश्न तरी योग्य आहे.

संघाचे प्रेसिंग, म्हणजे चेंडू समोरच्याकडे असताना त्याच्यावर आणलेला दबाव, मोजण्यासाठी पीपीडीए (बचावाच्या दर कृतीमागे पास) नावाचे गुणोत्तर वापरतात, आणि मला ते आवडते ते मुळात छेदासकट जन्मले म्हणून. प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या गोलकडील साठ टक्के मैदानात केलेल्या पासांना, त्याच भागात आपण केलेल्या टॅकल, अडवलेले पास, फाउल अशा कृतींच्या संख्येने भागायचे. 240 पास आणि 20 कृती असतील तर उत्तर 12. कृती 30 असतील तर 8, म्हणजे दबाव अधिक. पण कमी आकडा म्हणजे चांगला बचाव असे वाचू नये. त्यातून फक्त बचावाची पद्धत कळते. स्वतःच्या अर्ध्यात दाटीवाटीने उभे राहून उत्तम बचाव करणारे संघ या यादीत कायम तळाशी असतात.

कोणत्याही एका आकड्यात न मावणारा बचाव पाहायचा असेल तर 22 नोव्हेंबर 2022 चा अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया यांचा विश्वचषकातील सामना घ्यावा. अर्जेंटिनाचे 15 फटके, सौदीचे अवघे तीन. एक्सजीही तितकाच एकतर्फी, आणि निकाल सौदीच्या बाजूने 2-1. नुसता तक्ता वाचणारा याला नशीब म्हणेल, आणि तीन फटक्यांत दोन गोल होण्यात नशिबाचा वाटा होताच. परंतु प्रशिक्षक एर्व्हे रेनार यांनी बचावफळी मध्यरेषेच्या दिशेने इतकी वर ठेवली होती की अर्जेंटिनाचे खेळाडू सामन्यात दहा वेळा ऑफसाइड (पास दिला जाताना बचावफळीच्या पुढे गेलेले) सापडले, त्यांपैकी सात वेळा पहिल्याच अर्ध्यात, आणि त्या अर्ध्यात त्यांचे तीन गोल रद्द झाले. ऑफसाइड दिल्यावर तो फटका फटक्यांच्या हिशेबात धरला जात नाही. म्हणजे सौदीच्या बचावाचे सर्वांत मोठे यश आणि त्याने पत्करलेला सर्वांत मोठा धोका, म्हणजे फळीमागे मोकळी सोडलेली जागा, दोन्ही एक्सजीच्या तक्त्याबाहेर राहिले. असा बचाव नीट जोखण्यासाठी सर्व 22 खेळाडूंच्या जागा सेकंदाला 25 वेळा टिपणारी ट्रॅकिंगची माहिती लागते. ती महाग असते आणि हौशी माणसाला क्वचितच मिळते.

आपल्या प्रकल्पासाठी मात्र एक चांगली सोय आहे. फुटबॉलची आकडेवारी पुरवणाऱ्या स्टॅट्सबॉम्ब कंपनीने गिटहब या संकेतस्थळावर मोफत ठेवलेल्या माहितीत इंडियन सुपर लीगचा 2021-22 चा हंगाम आहे. करोनाच्या साथीमुळे तो सगळा हंगाम गोव्यातच फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथे खेळला गेला, त्यामुळे घरच्या मैदानाच्या फायद्याचा नेहमीचा गुंता त्यात जवळजवळ नाही. अभ्यासकाला अशी स्थिती सहसा मिळत नाही. प्रत्येक संघाचे साखळीत 20 सामने आहेत. मैदान 120 गुणिले 80 एककांचे धरलेले असते आणि ज्याची कृती नोंदवली आहे तो संघ नेहमी डावीकडून उजवीकडे आक्रमण करतो, त्यामुळे बचावाच्या नोंदी आक्रमणाच्या नोंदींवर ठेवण्याआधी एका संघाचे निर्देशक (मैदानावरील जागा दाखवणारे आकडे) उलटवून घ्यावे लागतात. मी पहिल्यांदा ते विसरलो होतो आणि स्टॉपर समोरच्या गोलजवळ टॅकल करताना दिसू लागले होते. आधी पेनल्टी वगळून मिळवलेला आणि दिलेला एक्सजी सामन्यामागे काढा, मग तो आघाडी, बरोबरी आणि पिछाडी असा फोडा, आणि खेळाडूंकडे त्यानंतरच वळा. अंतिम सामन्याची फाइल घ्याल तेव्हा त्यातील पाचवा कालखंड वगळा, कारण तो शूटआउटचा आहे आणि ठेवला तर त्यातील प्रत्येक फटक्यामागे पाऊण गोल त्या त्या संघाच्या खात्यात उगाच चढेल.